त्या मुलांचा राग ऐकून घ्या : अमेरिकेतल्या मराठी शिक्षकांना, डॉक्टरांना आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांना खुले पत्र

प्रिय मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी कुणी शाळेत शिकवतं, कुणी बालरोगतज्ज्ञ आहे, कुणी आपल्या गावच्या स्कूल बोर्डावर निवडून आलं आहे, कुणी पीटीएमध्ये, म्हणजे पालक-शिक्षक संघात, वर्षानुवर्षं राबतं. बरेच जण महाराष्ट्र मंडळाची आणि रविवारच्या मराठी शाळेची धुरा वाहतात. मी शिकागोच्या दक्षिण भागातल्या एका शाळेत समाजसेविका आहे. माझ्याकडे येणारी जवळजवळ सगळी मुलं कृष्णवर्णीय आहेत. त्यांच्याबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे आणि तुमच्याकडे काही मागायचंही आहे.

२५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर पोलिसाचा गुडघा होता, तेव्हा फुटपाथवर नऊ वर्षांची एक कृष्णवर्णीय मुलगी उभी होती. नात्यातल्या मोठ्या बहिणीबरोबर ती कोपऱ्यावरच्या दुकानात खाऊ घ्यायला आली होती. फ्लॉइड त्यात मरण पावले. पुढच्या वर्षी त्या पोलिसावर खटला उभा राहिला आणि तिला साक्षीला बोलावलं. हे पाहून तुला कसं वाटलं, असं विचारल्यावर ती म्हणाली की वाईट वाटलं आणि थोडा रागही आला.

माझं सगळं काम त्या ‘रागही आला’भोवती फिरतं. कृष्णवर्णीय मूल रडलं तर निदान काही जणांच्या पोटात कालवतं. तेच मूल चिडलं की खोलीतली हवाच बदलते. कुणीतरी फोन उचलतं, सुरक्षारक्षकाला बोलावणं जातं, फॉर्म भरला जातो. केंद्रीय शिक्षण खात्याच्या २०१३-१४ च्या आकडेवारीप्रमाणे सरकारी बालवाड्यांत १९ टक्के मुलं कृष्णवर्णीय होती, पण निलंबित करून घरी पाठवलेल्या बालवाडीतल्या मुलांमध्ये त्यांचं प्रमाण ४७ टक्के होतं. बालवाडी म्हणजे तीन-चार वर्षांची मुलं, अजून बुटाची नाडी बांधता न येणारी. २०१६ साली येल विद्यापीठाच्या संशोधकांनी बालवाडीच्या शिक्षकांना एक व्हिडिओ दाखवला आणि सांगितलं की कुणी त्रास द्यायच्या बेतात आहे का, त्यावर लक्ष ठेवा. व्हिडिओतलं एकही मूल त्रास देत नव्हतं. तरी शिक्षकांच्या नजरेचा माग काढल्यावर दिसलं की ती सर्वांत जास्त वेळ कृष्णवर्णीय मुलग्यावर खिळलेली होती. कृष्णवर्णीय शिक्षकही याला अपवाद नव्हते. पुढच्याच वर्षी जॉर्जटाउन विद्यापीठाच्या अभ्यासात असं आढळलं की मोठ्या माणसांना कृष्णवर्णीय मुली पाचव्या वर्षापासूनच गोऱ्या मुलींपेक्षा कमी निरागस वाटतात, आणि त्यांना माया नि आधार थोडा कमी मिळाला तरी चालेल असं ही मोठी माणसं धरून चालतात.

डॉक्टर मंडळींना पुढचा आकडा ठाऊक असेल. २०१८ साली एका नामांकित बालरोग नियतकालिकात आलेल्या संशोधनानुसार पाच ते बारा या वयात कृष्णवर्णीय मुलांमधलं आत्महत्येचं प्रमाण गोऱ्या मुलांच्या साधारण दुप्पट आहे. २०१९ च्या अखेरीस अमेरिकी संसदेतल्या कृष्णवर्णीय सदस्यांच्या गटाने यावर स्वतंत्र अहवाल काढला. इतक्या कोवळ्या मृत्यूंचं एकच एक कारण कुणी सांगू नये आणि मीही सांगणार नाही. पण माझ्यासमोर बसणारं मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत एक गोष्ट पक्की शिकलेलं असतं, की आपला राग दिसला तर आपलं नुकसान होतं. मग ते गप्प बसतं. शाळेच्या कागदपत्रांत ‘वर्तनात सुधारणा’ अशी नोंद होते.

मोठ्या माणसांपुढचा हा पेच नवा नाही. १९१९ च्या उन्हाळ्यात, मी राहते त्याच शहरात, युजीन विल्यम्स हा १७ वर्षांचा मुलगा मिशिगन तलावात पोहत असताना किनाऱ्याच्या गोऱ्यांच्या बाजूला वाहत गेला. किनाऱ्यावरून दगड आले आणि तो बुडून मेला. नंतरच्या दंगलीत ३८ माणसं गेली, त्यातली २३ कृष्णवर्णीय होती. त्या वर्षी अशा दंगली देशभर झाल्या. कृष्णवर्णीयांच्या ‘द क्रायसिस’ या मासिकाचे संपादक डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना तेव्हा एका गोष्टीने अस्वस्थ केलं. मासिकाला दर महिन्याला झुंडींनी केलेल्या हत्यांच्या बातम्या छापाव्या लागत, आणि घरोघरची मुलं त्या वाचत. बारा वर्षांच्या एका मुलीने त्यांना पत्र लिहिलं होतं की गोरा माणूस माझा जितका द्वेष करतो तितकाच मीही त्याचा करते, कदाचित जास्तच. डुबॉइस यांनी ते पत्र झाकून ठेवलं नाही. मुलांना द्वेषात वाढवलं तर त्यांचाच घात होतो, आणि त्यांना काहीच कळू न देता वाढवणं शक्य नाही, अशी दोन्हीकडची अडचण त्यांनी वाचकांपुढे मांडली.

त्यावर त्यांनी काढलेला उपाय पाहा. जेसी फॉसेट आणि ऑगस्टस डिल यांना बरोबर घेऊन जानेवारी १९२० पासून त्यांनी कृष्णवर्णीय मुलांसाठी ‘द ब्राउनीज बुक’ नावाचं मासिक सुरू केलं. गोष्टी, खेळ, थोरांची चरित्रं, जगातल्या घडामोडी, मुलांची पत्रं, शाळा पूर्ण केलेल्या मुलांचे फोटो, आणि कविता. पुढे नामवंत कवी झालेला लँग्स्टन ह्यूज हा नुकतीच शाळा संपवलेला पोरगा तिथे पहिल्यांदा छापून आला. पैशाअभावी मासिक डिसेंबर १९२१ ला बंद पडलं. चोवीसच अंक निघाले. पण त्या मुलीच्या रागाला ‘गप्प बस’ हे उत्तर नव्हतं, हे मला फार मोलाचं वाटतं. तिला वाचायला, लिहायला आणि आपल्यासारख्या इतरांना भेटायला एक जागा करून दिली गेली.

याच डुबॉइस यांना १९४६ साली बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र लिहिलं होतं, आणि त्यांचं उत्तरही आलं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण ‘त्यांचा प्रश्न त्यांनी पाहावा’ असं आपल्या बैठकांत बऱ्याचदा कानावर येतं. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना. त्याच्याही आधी, १८५५ मध्ये, फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. तो निबंध वाचताना अंगावर काटा येतो तो त्यातल्या रागाने. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नाव घेतलं ओकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षावरून, आणि ती उभी करणाऱ्यांत कवी पुढे होते. शाळकरी पोरीच्या रागाला छापील पानावर जागा दिली तर काय होतं, हे मराठीने दीडशे वर्षांपूर्वी पाहिलेलं आहे. तेव्हा आपण या विषयात परके नाही.

आता कवितेकडे येते. कविताच का, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, विशेषतः विज्ञान-तंत्रज्ञानात मुरलेल्या आपल्या लोकांकडून.

कृष्णवर्णीय कवयित्री माया अँजेलो सात-आठ वर्षांच्या असताना त्यांच्यावर अत्याचार झाला. त्यांनी नाव सांगितलं, न्यायालयात उभ्या राहिल्या, आणि थोड्याच दिवसांत त्या माणसाचा कुणीतरी खून केला. मुलीच्या मनाने घेतलं की आपण बोललो म्हणून माणूस मेला. पुढची जवळपास पाच वर्षं त्या भाऊ सोडून कुणाशी बोलल्या नाहीत. आर्कान्सामधल्या स्टँप्स या लहानशा गावात आजीच्या दुकानात त्या वाढत होत्या. गावातल्या बर्था फ्लॉवर्स या बाईंनी त्यांना घरी नेलं, खाऊ दिला, पुस्तकं दिली आणि कविता मोठ्याने वाचून दाखवल्या. आवाजात आल्याशिवाय कविता पुरी होत नाही, असं त्यांचं सांगणं होतं. त्यांनी काय झालं ते विचारलं नाही आणि ‘बोल’ म्हणून दटावलं नाही. बोलायचं ते आधीच दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेलं होतं, मुलीला त्यात फक्त आपला आवाज घालायचा होता. फ्लॉवर्स बाई मानसोपचारतज्ज्ञ नव्हत्या. शेजारीण होत्या.

दुसरी गोष्ट मिसिसिपीतली. १९६४ च्या उन्हाळ्यात तिथे नागरी हक्क कार्यकर्त्यांनी कृष्णवर्णीय मुलांसाठी चाळीसहून अधिक ‘फ्रीडम स्कूल’ चालवल्या. मॅककोम गावात कार्यकर्ते राहत होते त्या घरावर जुलैत बाँब पडला. गावकरी इतके घाबरले की वर्गाला छप्पर द्यायला कुणी तयार होईना, मुलं बाहेर गवतावर बसून शिकत होती. जॉइस ब्राउन या शाळकरी मुलीने त्यावर कविता लिहिली. आम्ही मुलं उभी राहतोय, तुम्ही मोठे कुठे आहात, असा तिचा रोख होता. ती कविता गावात फिरली, आणि मोठ्यांनी धीर करून चर्चची जागा वर्गाला उघडून दिली. मुलीचं मन मोकळं झालं असेलही, पण तिच्या शब्दांनी मोठ्या माणसांना हलवलं हे जास्त महत्त्वाचं. आमच्या क्षेत्रात हल्ली मुलांना ‘भावनांचं नियमन’ शिकवायच्या पट्ट्या आणि तक्ते खूप निघाले आहेत. श्वास घे, दहा आकडे मोज, लाल रंगातून हिरव्या रंगात ये. श्वासाचा उपयोग होतो, मीही शिकवते. पण मुलाचा राग ज्या गोष्टीवर आहे ती तशीच राहणार असेल, तर नुसतं शांत व्हायला शिकवणं मला अपुरं वाटतं, आणि कधी कधी अन्यायाचंही.

आमच्या भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयात दर आठवड्याला मुलांचं कविता मंडळ भरतं. ते चालवतात एक निवृत्त ग्रंथपाल बाई, याच वस्तीत जन्मलेल्या. खुर्च्या गोल मांडलेल्या असतात, एका टेबलावर ज्यूस आणि चिप्स, भिंतीशी दोन-तीन आज्या आणि एखादा काका बसलेला. मूल वाचायला उभं राहतं आणि अडकतं. त्या क्षणी भिंतीकडून हलकेच आवाज येतो, ‘टेक युअर टाइम, बेबी.’ हा आवाज त्या मुलांना ओळखीचा आहे. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये ईस्टरला लहान लहान मुलं नवे कपडे घालून चार ओळी पाठ म्हणतात. विसरली तरी कुणी हसत नाही, सगळी सभा तेच शब्द म्हणून त्यांना सांभाळून घेते. आमच्या कविता मंडळात ओळ आवडली की टाळी वाजवत नाहीत, बोटांनी चुटक्या वाजवतात, म्हणजे वाचणाऱ्याचा आवाज दबत नाही. कीर्तनात किंवा आंबेडकरी जलशात बसलेल्या माणसाला हे कळायला वेळ लागणार नाही. श्रोते तिथेही गप्प बसून ‘कार्यक्रम’ पाहत नाहीत, ते गाणाऱ्याला उचलून धरतात.

मंडळाचे नियम थोडे आहेत. ‘असं का लिहिलंस’ विचारायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, भाषा सुधारायची नाही. मुलं घरात, रस्त्यावर बोलतात तेच इंग्रजी कवितेत येतं आणि त्यावर लाल पेन फिरत नाही. वाचायचं नसेल तर कागदाची घडी करून खिशात ठेवायची.

तिथल्या एका मुलाबद्दल सांगते. त्याच्या आणि त्याच्या आईच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत. त्याचा मोठा भाऊ गोळीबारात गेला. इथे अशा वेळी गेलेल्या माणसाचा फोटो छापलेले टी-शर्ट करून घेतात आणि अंत्यविधीनंतरही ते घालतात. मुलगा तो टी-शर्ट घालून शाळेत आला. शाळेला गणवेश आहे. त्याला बदलायला सांगितलं, त्याने नाही म्हटलं, पुन्हा सांगितलं, त्याने बाक उलटा केला. पुढचे काही दिवस त्याचा मुक्काम ऑफिसबाहेरच्या खुर्चीवर होता.

मंडळात त्या सुमाराला ‘गोल्डन शॉव्हेल’ हा प्रकार चालू होता. टेरन्स हेज या कवीने २०१० च्या सुमाराला तो प्रचारात आणला. शिकागोच्या कृष्णवर्णीय कवयित्री ग्वेंडोलिन ब्रुक्स यांच्या कवितेतली एखादी ओळ घ्यायची, तिचे शब्द कागदाच्या उजव्या कडेला एकाखाली एक लिहायचे, आणि आपली प्रत्येक ओळ अशी लिहायची की ती त्या शब्दावर येऊन थांबेल. त्या मुलाने पाच-सहा शब्दांची ओळ निवडली. कोऱ्या कागदापुढे तो कित्येक आठवडे नुसता बसून होता. आता कडेला शब्द होते. अंधाऱ्या जिन्यात कठडा हाताला लागावा तसं काहीतरी झालं असावं. ओळ कुठे सुरू करायची ते त्याच्या हातात होतं आणि कुठे पोहोचायचं ते ब्रुक्सबाईंनी ठरवून ठेवलं होतं. पहिल्या दिवशी त्याने भावाच्या सायकलबद्दल लिहिलं. भाऊ सीट खाली करून द्यायचा आणि परत वर करायचं विसरायचा, एवढंच. मरणाचं नाव नाही. मंडळाने चुटक्या वाजवल्या. तो बसला.

काही आठवड्यांनी त्याने दुसरी वाचली. त्यात अशा अर्थाची ओळ होती की माझा भाऊ आता शाळेत येऊ शकतो तो फक्त या टी-शर्टवर, आणि तुम्ही त्यालाही दाराबाहेर काढलंत. खोलीत कुणी हललं नाही. मग बाई म्हणाल्या, परत वाच. त्याने परत वाचली, या वेळी मोठ्याने. तोच राग होता, बाक उलटा करणारा. पण आता तो सगळ्यांना कळत होता. ती कविता मी त्याला विचारून मुख्याध्यापकांकडे नेली. गणवेशाचा नियम बदलायला पुढे बरेच महिने गेले, पण त्याला खुर्चीवर बसवून ठेवणं त्या दिवसापासून थांबलं.

कविता लिहिली की मूल बरं होतं, असा दावा मी करत नाही. तो मुलगा अजून रात्री दचकून उठतो आणि त्याचे उपचार चालू आहेत. एखाद्या कवितेत जिवाला धोका दिसला तर ती बाजूला ठेवून आम्ही त्याच दिवशी पालकांना आणि डॉक्टरांना गाठतो, ९८८ ही संकटकालीन फोनसेवा कशी वापरायची ते मुलांना आणि घरच्यांना दाखवतो. मंडळात बसणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला हे शिकवलेलं असलं पाहिजे. कविता आणि उपचार यांची अदलाबदल करू नका, हे मी दोन्ही बाजूंच्या लोकांना सांगत असते.

आणखी एक गोष्ट मला फार खुपते. या मुलांच्या कविता ऐकायला येणाऱ्या बाहेरच्या पाहुण्यांना बहुतेक वेळा दुःखच हवं असतं. देणगीदारांच्या जेवणावळीत गोळीबाराची कविता वाचायला लावतात, लोक डोळे पुसतात, चेक फाडतात. मूल घरी जाताना विचारतं की मी दोरीवरच्या उड्यांची कविता वाचली असती तर? ब्रुक्स यांनी १९५६ साली ब्रॉन्झव्हिल या आपल्या वस्तीतल्या मुलांवर कवितांचं पुस्तक लिहिलं. त्यातली मुलं खेळतात, रुसतात, एकटी बसून विचार करतात, चहापानाचा खेळ मांडतात. १९५० साली पुलित्झर हे मानाचं पारितोषिक मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. १९६८ पासून २००० साली मरेपर्यंत त्या इलिनॉयच्या राजकवी होत्या, आणि त्या पदावर असताना शाळकरी मुलांच्या कवितांना स्वतःच्या खिशातून बक्षिसं देत राहिल्या. मुलाला आनंदावर लिहिण्याचाही हक्क आहे, हे त्यांच्याइतकं कुणी जपलं नसेल. कवयित्री ल्युसिल क्लिफ्टन यांनी वडील गेलेल्या एका लहान मुलावर १९८३ साली कवितेतलं पुस्तक लिहिलं, त्यातही तो मुलगा आधी आणि शेवटी एक साधं मूलच आहे.

तुमच्याकडे मी काय मागते ते आता सांगते.

स्कूल बोर्डावर असलेल्यांनो, अंदाजपत्रकात कात्री लागते तेव्हा ग्रंथपालाचं पद पहिल्यांदा जातं. ते जाऊ देऊ नका. शिकागोत २००९ साली हॅरल्ड वॉशिंग्टन ग्रंथालयात किशोरांसाठी ‘यूमीडिया’ हे दालन सुरू झालं. तिथे माइक हॉकिन्स नावाचे शिक्षक संध्याकाळी मुलांसाठी माइक उघडा ठेवत. मुलं त्यांना ब्रदर माइक म्हणत. ते २०१४ मध्ये गेले. चान्स द रॅपर आणि नोनेम ही आपल्या मुलांच्या कानावर असलेली नावं त्या खोलीतून पुढे आली. खोली, माइक आणि दर आठवड्याला न चुकता येणारा एक मोठा माणूस, एवढ्यावर ते चाललं. आणि एखाद्या पालकाची तक्रार आली म्हणून कवितेचं पुस्तक कपाटातून काढू नका. २०२३ साली फ्लोरिडातल्या मायामी लेक्स इथल्या एका शाळेत एकाच पालकाच्या तक्रारीवरून अमांडा गोरमन यांची अध्यक्षांच्या शपथविधीतली कविता लहान मुलांच्या विभागातून हलवली गेली. उच्चाराच्या अडचणीशी झगडत मोठी झालेली ही मुलगी २२ व्या वर्षी साऱ्या देशासमोर उभी राहिली होती. लहान मुलांना तिची कविता सहज हाताशी मिळू नये, असं कुणी का ठरवावं?

शाळा बंद करायचा विषय तुमच्यापुढे आला तर २०१३ चं शिकागो आठवा. एका झटक्यात जवळपास ५० शाळा बंद झाल्या, त्यांतली बहुतेक मुलं कृष्णवर्णीय होती. ईव्ह यूइंग या कवयित्री आणि समाजशास्त्रज्ञाने त्यावर संशोधन केलं. माणूस गेल्यावर करतो तसाच शोक लोकांनी शाळेसाठी केला, हे त्यांनी दाखवलं. कागदावर ती फक्त पटसंख्या होती.

डॉक्टरांनो, कृष्णवर्णीय मूल ‘उद्धट आहे, ऐकत नाही’ अशी चिठ्ठी घेऊन तुमच्याकडे आलं तर रोगनिदान लिहायच्या आधी घरात कोण गेलं, काय बंद पडलं, कुणी घर सोडलं, हे विचारा. तुमच्या दवाखान्याच्या परिसरात मुलांचं कविता मंडळ, चर्चचा युवा गट, ग्रंथालयातली खुली बैठक कुठे आहे, याची यादी स्वागतकक्षात ठेवा. औषधाच्या जोडीने तिकडेही पाठवा.

शिक्षकांनो, मुलाची पहिली कविता तपासू नका. ऐका, आणि परत वाच म्हणा.

महाराष्ट्र मंडळांकडे माझी मागणी मोठी आहे. तुमच्याकडे सभागृहं आहेत, ध्वनियंत्रणा आहे, स्वयंसेवकांची फौज आहे, दर दोन वर्षांच्या अधिवेशनाला जमणारा पैसा आहे. तुमच्या शहरात कृष्णवर्णीय कवी आणि शिक्षक मुलांसाठी काम करत असतील, त्यांना शोधा आणि काय हवं ते त्यांनाच विचारा. जागेचं भाडं, बसचं तिकीट, कवीचं मानधन, वह्या, खाऊ, जे सांगतील ते द्या. आपलं नाव लावून नवा उपक्रम काढायचा मोह टाळा. कविता मंडळ त्यांचं आहे, ते चालवायला त्यांना आपली गरज नाही, खर्चाला आहे. मुलांना आपल्या व्यासपीठावर बोलावलंत तर काय वाचायचं ते मुलांना ठरवू द्या.

आणि घरातलं एक. आपल्याकडे ‘कल्लू’ म्हणून हसतात, ‘त्या वस्तीत संध्याकाळनंतर नको’ म्हणतात, घर घेताना ‘चांगली शाळा’ म्हणजे कोणती मुलं नसलेली शाळा हे न बोलता सगळ्यांना कळतं. आपली मुलं ते ऐकत मोठी होतात आणि माझ्या शाळेतल्या मुलांशेजारी बसतात, पुढे त्यांचे डॉक्टर आणि वरिष्ठ होतात. हे थांबवणं कुठल्याही देणगीपेक्षा अवघड आहे, मला कल्पना आहे. तरी थांबवा. मराठी शाळेत मुक्ता साळवे यांचा निबंध वाचून दाखवता येईल, मुलं तो समजू शकतात. त्याच तासाला मुलांना विचारा की तुम्हाला कशाचा राग येतो, आणि ते लिहून वाचू द्या. मग एखाद्या शनिवारी त्यांना गावातल्या ग्रंथालयात घेऊन जा, जिथे दुसरी मुलं वाचत असतील. मागच्या रांगेत बसवा आणि चुटक्या कशा वाजवायच्या ते आधी शिकवून न्या.

तुमच्या कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत हे पत्र वाचायला घ्यावं अशी विनंती आहे. काम सुरू करायचं ठरलं तर माझ्याकडून हवी ती मदत मिळेल, आणि आमच्या मंडळाच्या बाईंनीही ‘त्यांना ऐकायला यायला सांग’ असा निरोप दिला आहे.

आपली,
शिकागोतली एक शालेय समाजसेविका